तो कॅमेरा नव्हे हो, फ्लॅशगनचा दांडा!

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या हॉलिवूड सिनेमांतल्या प्रॉप्सवर लेख होता, चांगला होता, घरातल्या पोरांनीही वाचला. पण त्यात एक वाक्य असं की स्टार वॉर्समधल्या ल्यूकची लाइटसेबर, म्हणजे ती उजेडाच्या पात्याची तलवार, "जुन्या कॅमेऱ्यापासून" बनवली. मी आयुष्यभर कॅमेरे खोलून परत जोडायचं काम केलंय, त्यामुळे हे काही घशाखाली उतरेना म्हणून लिहितोय. कॅमेरा नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला लावायची फ्लॅशगन, आणि तिचाही फक्त दांडा, ज्यात सेल घालतात तो.

ग्राफ्लेक्स नावाची कंपनी होती, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरची. त्यांचा स्पीड ग्राफिक हा कॅमेरा म्हणजे १९४०-५० च्या काळातला प्रेस फोटोग्राफरचा कॅमेरा, जुन्या इंग्रजी पिक्चरमध्ये हॅट घातलेले पत्रकार हातात घेऊन धावतात ना तो मोठा पेटीसारखा, तोच. जपानच्या इवो जिमा बेटावर झेंडा रोवणाऱ्या अमेरिकी सैनिकांचा १९४५ चा फोटो याच कॅमेऱ्याने काढलेला. आपल्याकडे प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावाला बाईंनी पण स्पीड ग्राफिक वापरला, त्या मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या. तर या कॅमेऱ्याला बाजूने एक चकचकीत क्रोमची नळी लागायची, तिच्यात टॉर्चचे मोठे तीन सेल एकावर एक, वर गोल ताटली आणि ताटलीत बल्ब. बल्ब एकदाच पेटायचा, आतली धातूची बारीक जाळी भसकन जळायची आणि बल्ब गेला, गरम असतानाच काढून फेकायचा नि दुसरा लावायचा. घाईत फोटोग्राफर बल्बचं बूड जिभेला लावून ओलं करायचे, म्हणजे कॉन्टॅक्ट नीट बसावा. आताच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं.

ती ताटली काढून टाका, उरते ती लाइटसेबर. लाल बटणासकट! बटण सुद्धा त्यांनी बनवलेलं नाही, ते फ्लॅशगनचंच.

हे ज्याने शोधलं तो रॉजर ख्रिश्चन, त्या सिनेमाचा सेट डेकोरेटर, म्हणजे सेट सजवणारा. लंडनमधल्या फोटोग्राफीच्या सामानाच्या एका दुकानात हे दांडे धूळ खात पडले होते ते त्याने उचलले, स्टुडिओत आणून खालच्या अर्ध्या भागावर प्लॅस्टिकच्या टी आकाराच्या पट्ट्या सुपरग्लूने चिकटवल्या म्हणजे मूठ झाली, बुडाला पट्ट्याला अडकवायला एक कडी लावली, आणि मधल्या क्लॅम्पमध्ये, म्हणजे आवळून धरणाऱ्या पट्टीत, एका कॅल्क्युलेटरची भिंगांची पट्टी बसवली. ही पट्टी काय प्रकार आहे ते सत्तरच्या दशकातले कॅल्क्युलेटर पाहिलेल्यालाच कळेल. तेव्हाचे लाल आकडे इतके बारीक असायचे की प्रत्येक आकड्यावर एकेक भिंगाचा फुगा बसवलेला असायचा, आणि त्या फुग्यांची सलग पट्टी निघायची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एक्झॅक्ट्रा कॅल्क्युलेटरमधली ती पट्टी. पडद्यावर वाटतं काहीतरी भारी इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आहे. ते भिंग आहे, आकडे वाचायचं.

ह्याच टीमला कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, ख्रिश्चनचं नाव त्यात आहे. आता कोणी म्हणेल बजेट नव्हतं म्हणून केलं. बजेट कमी होतंच, पण माझ्या मते नुसतं तेवढंच नाही. नव्याने बनवलेली वस्तू कितीही रंगवा, ती नवीच दिसते. फ्लॅशगन कोणीतरी डोकं लावून हातात धरायला म्हणून डिझाइन केलेली, तिचं वजन, तिचा क्लॅम्प, तिचे स्क्रू, सगळ्याला काहीतरी कारण होतं, आणि ते कारण प्रेक्षकाला कळलं नाही तरी जाणवतं. त्या सिनेमाच्या सेटवर विमानांचं भंगार स्वस्तात आणून भिंतीभर लावलं होतं, ते उगाच नाही.

पण माझं पत्र खरं म्हणजे बनवणाऱ्यांबद्दल नाहीये, ओळखणाऱ्यांबद्दल आहे. लेखात त्यांचा एका ओळीत "चाहत्यांनी शोधून काढले" असा उल्लेख करून विषय संपवला होता, आणि तिथेच खरी गंमत सुटली. ल्यूकची सेबर ओळखायला सोपी, जुना फोटोग्राफर बघताक्षणी सांगेल. त्याच सिनेमातल्या ओबी-वान या म्हाताऱ्या गुरूची सेबर घ्या. ती एका वस्तूची नाहीच. बूड म्हणजे आर्मिटेज शँक्स कंपनीच्या नळाची मूठ, स्टारलाइट मॉडेल, बाथरूममध्ये पाणी सोडायला फिरवतात ती. त्याच्या वर ब्राउनिंग मशीनगनच्या नळीच्या तोंडाशी असतो तो बूस्टर. मध्ये क्लॅम्प, तो परत ग्राफ्लेक्सचा. त्यावर पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश रायफल ग्रेनेड, म्हणजे रायफलीतून उडवायचा बॉम्ब, नंबर ३ मार्क १, अंगावर चौकोनी खाचा पाडलेला. आणि सगळ्यात वर जिथून उजेड बाहेर पडतो तो भाग रोल्स रॉइसच्या डर्वेंट जेट इंजिनातल्या एका पाइपचा तुकडा.

आता विचार करा, हे सगळं एका माणसाला कसं माहीत असणार? नळाचा कारागीर ग्रेनेड ओळखणार नाही, लष्करी सामान गोळा करणारा नळाकडे बघणार पण नाही, आणि डर्वेंटचा तो पाइप ओळखायला जेट इंजिन उघडलेलं पाहिलेला माणूसच पाहिजे. तो तुकडा ओळखायला बरीच वर्षं लागली, बाकीचे भाग कळून सुद्धा. तोपर्यंत लोक अंदाजाने लेथवर फिरवून नकला बनवत होते.

ओळखायची पद्धत पण ऐकण्यासारखी आहे, आमच्या धंद्यात पार्ट शोधताना आम्ही थोडंफार असंच करायचो. आधी फोटोतला एखादा असा भाग धरायचा ज्याचं माप पक्कं माहीत आहे. समजा क्लॅम्प. खरा क्लॅम्प हातात घेऊन कॅलिपरने मोजायचा, मग फोटोत तो किती मिलिमीटर दिसतो त्यावरून बाकीच्या भागांची खरी मापं काढायची, अर्थात भाग कॅमेऱ्यापासून जवळ-लांब असेल तर फरक पडतो तेही धरायचं. मग काळ आणि ठिकाण. शूटिंग १९७६ मध्ये, जास्त करून इंग्लंडच्या एल्स्ट्री स्टुडिओत, म्हणजे वस्तू त्याच्या आधी निघालेली पाहिजे आणि इंग्लंडात सहज मिळणारी पाहिजे. या एका गाळणीतून निम्मे अंदाज बाद होतात. मग बारीक खुणा, स्क्रूचं डोकं कसलं आहे, पेटंट नंबर कुठे ठोकलाय, साच्याची रेघ कुठून गेलीय, कडेला गोलाई आहे का सरळ कापलंय. एकाच मॉडेलचे बटण वेगळे, क्लॅम्प वेगळे असे प्रकार निघतात आणि त्यावरून लोक भांडतात, आणि भांडावं पण, त्याशिवाय पक्कं होत नाही.

खलनायक डार्थ व्हेडरची सेबर बघा ना, लांबून ल्यूकचीच बहीण वाटते, पण ती एमपीपी नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या मायक्रोफ्लॅश या फ्लॅशगनची. हा फरक फ्लॅशगन वापरलेल्या माणसाला विचारायला हवा होता, सिनेमाच्या अभ्यासकाला कुठून कळणार.

एक गोष्ट आपल्याकडची सांगतो. त्या पांढऱ्या चिलखतातल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकांच्या हातातली बंदूक म्हणजे स्टर्लिंग कारबाइन. खरी, लंडनच्या बॅप्टी या हत्यारं भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून आणलेली, वर दुर्बीण बसवली, बाजूला आकडे मोजायचा एक काउंटर चिकटवला, आणि नळीवर त्याच टी पट्ट्या. हीच स्टर्लिंग आपल्याकडे लायसन्सवर कानपूरला बनायची, कारबाइन १ए म्हणून, आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कितीतरी वर्षं होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या रिटायर्ड हवालदाराला तो पिक्चर दाखवला असता तर इंटरव्हलच्या आधी सांगितलं असतं त्याने. कोणी विचारलंच नाही!

बाकी उदाहरणं पटापट सांगतो, लेखात नव्हती म्हणून. बॅक टू द फ्यूचरच्या शेवटी गाडीवर तो कचरा टाकून चालणारा मिस्टर फ्यूजन बसवलेला असतो, तो क्रुप्सचा कॉफी ग्राइंडर. घोस्टबस्टर्समधलं भुतं शोधायचं यंत्र बूट पॉलिश करायच्या मशीनवर बनवलेलं. स्टार वॉर्सच्याच पुढच्या भागात, एम्पायर स्ट्राइक्स बॅकमध्ये, सगळे जीव घेऊन पळताना एक माणूस आइसक्रीमचं भांडं घेऊन पळतो, अगदी काही न बदललेलं आइसक्रीमचं भांडं, आणि पुढे स्टार वॉर्सच्याच मँडलोरियन मालिकेत त्याच आकाराला मौल्यवान वस्तू ठेवायची तिजोरी करून टाकलं, हे मला फार आवडतं. १९९९ च्या फँटम मेनेस या स्टार वॉर्स सिनेमात क्वाय-गॉन नावाचं पात्र ज्यात बोलतं तो कम्युनिकेटर बायकांच्या जिलेट रेझरच्या मुठीवरून साचा काढलेला. आणि टीव्हीच्या जुन्या स्टार ट्रेकमध्ये डॉक्टरची हत्यारं म्हणजे जेवणाच्या टेबलावरच्या फॅन्सी मीठदाण्या. त्या आणल्या होत्या मीठदाणी म्हणूनच, पण दिसायला इतक्या विचित्र की प्रेक्षकाला मीठदाणी वाटणारच नाही असं ठरलं, मग डॉक्टरकडे गेल्या.

ब्लेड रनर सिनेमातल्या बंदुकीचं थोडं वेगळं, ती स्टायर-मॅनलिखर रायफलचा मधला भाग आणि चार्टर आर्म्सचं बुलडॉग रिव्हॉल्व्हर जोडून केलेली, आणि २००६ ला अमेरिकेत एका सायन्स फिक्शन संमेलनात मूळ बंदूक लोकांना बघायला मिळाली तेव्हा नकला बनवणाऱ्यांना पुढचं काम मिळालं.

एक तक्रार पण आहे. या ओळखण्यामुळे ग्राफ्लेक्सच्या दांड्याला शेकडो डॉलर यायला लागले आणि लोक चालू स्थितीतल्या फ्लॅशगन तोडून सेबर करतात. आता चांगल्या नकली नळ्या मिळतात, त्या घ्या आणि खुशाल पट्ट्या चिकटवा, पण सत्तर-ऐंशी वर्षं टिकलेली वस्तू कशाला कापायची. फोर्टात बोरा बाजारच्या किंवा चोरबाजारच्या बाजूला कोणाला जुनी फ्लॅशगन दिसली तर आधी तिच्यात सेल घालून बघा, बल्ब मिळाला तर पेटवून बघा.

आता मुद्द्याची मागणी. इंग्रजी पिक्चरचे प्रॉप ओळखायला जगभर माणसं बसलीयत, आपले कोण ओळखणार? प्रभातच्या संत तुकाराममध्ये, १९३६ चा पिक्चर, शेवटी तुकोबांना न्यायला ते पक्ष्याच्या आकाराचं विमान येतं, त्याच्यात कुठला बांबू, कुठलं कापड, कशाची चाकं, कशाची पिसं, हे फोटो मोठा करून सुतार, बुरूड, नाटकाचे पडदे रंगवणारे अशा लोकांपुढे ठेवलंय का कोणी? पौराणिक सिनेमांतले मुकुट, रथ, गदा, राक्षसांची चिलखतं यांच्यात कितीतरी सामान तेव्हाच्या बाजारातलं असणार, भांड्याच्या दुकानातलं, सायकलच्या दुकानातलं, गिरणीतलं. ते सामान वापरलेली माणसं आता ऐंशी-नव्वदीला आलीयत, काही गेली.

तर माझं म्हणणं एवढंच की पुरवणीत शब्दकोड्याच्या शेजारी दर आठवड्याला एक फोटो छापा. जुन्या मराठी सिनेमातली एकच वस्तू, शक्य तेवढी मोठी आणि स्पष्ट, आणि खाली विचारा की यातला कुठला भाग कुणी ओळखतो का. उत्तर देणाऱ्याला दोन गोष्टी विचारा, ती वस्तू तुम्ही कुठे वापरलीत आणि अजून घरात आहे का. असली तर फूटपट्टी शेजारी ठेवून फोटो मागवा, फूटपट्टीशिवाय फोटो कामाचा नाही. पुण्यात सिनेमाचा संग्रह सांभाळणाऱ्यांना ती उत्तरं पाठवून द्या, छापायला जागा नसली तरी पाठवा. कॅमेरे, फ्लॅश, लाइट, ट्रायपॉड यातलं काही आलं तर मला कळवा, पत्ता सोबत दिलाय, डोळे अजून चांगले आहेत.

आपला,
एक निवृत्त कॅमेरा दुरुस्तीवाला, सांगली