कॅरोलिनबाईंचं विमान

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. मी बोलायला लागले की आई फोन हिसकावून "जेवलीस का" विचारते, आणि मी आईला उत्तर देईपर्यंत तुम्ही बातम्या लावलेल्या असता. म्हणून हे कागदावर. बाबा, मी स्पिटफायरचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा फोटो पाठवला आणि ते निक ग्रेसनं जोडलं, त्याच्या बायकोनं, कॅरोलिननं उडवलं असं कळवलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "विमान नवऱ्यानं उभं केलं, बाईनं नुसतं उडवलं. त्यात एवढं काय?" हे वाक्य दुसऱ्या कोणी बोललं असतं तर सोडून दिलं असतं. पण ओझरच्या विमान कारखान्यातल्या हँगरमध्ये उभी हयात काढलेल्या फिटरनं असं बोलावं, हे मला चालणार नाही.

आधी त्या विमानाची कुंडली सांगते, कारण तुम्ही नंबर विचाराल. एमएल 407. बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमिच कारखान्यात 1944 च्या सुरुवातीला तयार झालेलं, मार्क नऊ जातीचं. 29 एप्रिल 1944 ला ते न्यूझीलंडच्या वैमानिकांच्या 485 नंबरच्या स्क्वाड्रनकडे पोचवलं गेलं, आणि पोचवणारी वैमानिक बाई होती, जॅकी मॉग्रिज. युद्धात कारखान्यातून तळावर विमानं नेण्यासाठी एक वेगळी संघटना होती, तीत दीडशेहून जास्त बायका होत्या. आज स्पिटफायर, उद्या बॉम्बर, परवा आणखी काही, हातात त्या त्या विमानाच्या सूचनांचं छोटं टिपण आणि बाहेर इंग्लंडचं ढगाळ आकाश. 6 जून 1944 ला, नॉर्मंडीत फौजा उतरल्या त्या दिवशी, न्यूझीलंडच्या जॉनी हूल्टननं याच विमानातून एक युंकर्स 88, म्हणजे जर्मन बॉम्बर, पाडलं. त्या किनाऱ्यावर पाडलेलं ते शत्रूचं पहिलं विमान मानतात. युद्ध संपेपर्यंत त्याच्या खात्यावर 176 मोहिमा आणि 319 तास जमले होते. वैमानिक न्यूझीलंडचे, फ्रेंच, पोलिश, बेल्जियन, नॉर्वेजियन. म्हणजे तेव्हा अर्ध्या युरोपनं ते वापरलं म्हणा ना.

आई, तुझ्यासाठी एक. त्या काळी 132 नंबरच्या स्क्वाड्रनचं अधिकृत नाव 'सिटी ऑफ बॉम्बे' होतं, आणि तीही स्पिटफायरच उडवायची. गिरगावातल्या कोणी युद्धाच्या वर्गणीत चार आणे दिले होते की नाही देव जाणे, पण तुझ्या मुंबईचं नाव त्या लढाईत होतं एवढं नक्की. याचा एमएल 407 शी काही संबंध नाही. तुला सांगावंसं वाटलं, म्हणून सांगितलं.

युद्धानंतर कारखान्यात नेऊन त्याला मागे दुसरी सीट बसवली आणि ते वैमानिकांना शिकवण्यासाठी आयर्लंडच्या हवाई दलाकडे गेलं. पुढे मालक बदलत बदलत स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथॅलनच्या संग्रहात येऊन पडलं. 1979 मध्ये ते निक ग्रेसनं घेतलं. निक इंजिनिअर होता. कॉर्नवॉलमध्ये सेंट मेरिन इथे त्यानं ते सगळं पार उघडलं आणि पाचेक वर्षं खपून पुन्हा जोडलं.

इथे बाबा तुमचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य. ते काम किती कठीण आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. स्पिटफायरचा पंख बाहेरून नाजूक दिसतो, लंबवर्तुळाकार. पण त्याचा मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा कणा, एकात एक घट्ट बसवलेल्या चौकोनी नळ्यांचा. बुडाशी सगळ्या नळ्या आहेत, टोकाकडे जाताना एकेक संपत जाते. जिथे ताण जास्त तिथे जाड, जिथे कमी तिथे हलका. एखाद्या आतल्या नळीला गंज लागला तर बाहेरून कळणार कसं? पत्रे जोडणाऱ्या मूळच्या काही रिव्हेटा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या, त्या वयाबरोबर ठिसूळ होतात, म्हणजे त्या शोधून शोधून बदलायच्या. शिवाय निकनं मागच्या कॉकपिटचं ते फुगलेलं काचेचं टोपण काढून पाठीच्या रेषेत बसेल असं नवं, बसकं टोपण तयार केलं. त्यामुळे दोन सीटचं असूनही ते विमान बाजूनं बघताना लढाऊच दिसतं. 16 एप्रिल 1985 ला ते पुन्हा उडालं. हे सगळं निकचं, त्याचं श्रेय कोणी काढून घेत नाही.

पण ऑक्टोबर 1988 मध्ये निक गेला. विमानात नव्हे. रस्त्यावर, मोटारीच्या अपघातात.

कॅरोलिन ऑस्ट्रेलियात जन्मलेली. पदरात दोन मुलं, मुलगी ऑलिव्हिया आणि मुलगा रिचर्ड, दोघंही शाळेची पायरी नुकती चढत होती. आई, तू इथे "अगं बाई" म्हणणार हे मला दिसतंय. आणि हँगरमध्ये एक स्पिटफायर. अशा वेळी भोवतालची माणसं काय सांगतात ते आपल्याकडेही ठाऊक आहे. विकून टाक, पैसे मुलांच्या नावावर ठेव, माहेरी जा. सल्ला काही वाईट नव्हता. स्पिटफायरला गिऱ्हाईक कधीही मिळतं. तिनं विकलं नाही. तिला छोट्या विमानांचा थोडाफार सराव होता, पण लढाऊ विमानात ती तोवर मागच्या सीटवरच बसलेली. तिनं ठरवलं, आता हे आपण चालवायचं. 1990 साली ती एमएल 407 मध्ये एकटी बसून वर गेली.

"नुसतं उडवलं" म्हणालात ना? मग ऐका. जमिनीवर स्पिटफायरला समोरचं काहीच दिसत नाही. नाक इतकं लांब आणि वर की वैमानिकाला फक्त आकाश दिसतं, म्हणून धावपट्टीकडे जाताना डावीकडे-उजवीकडे नागमोडी न्यावं लागतं. त्यात रेडिएटर पंखांखाली. उभ्या विमानात त्यांना वारा मिळत नाही, चार-दोन मिनिटांत इंजिन तापायला लागतं, त्यामुळे परवानगी मिळण्याची वाट बघत रेंगाळायची सोय नाही. चाकांमधलं अंतर कमी, म्हणून आडव्या वाऱ्यात ते डुगडुगतं. उड्डाण झालं की सगळ्यात मजेशीर भाग: डावा हात इंजिनाचा जोर ठरवणाऱ्या थ्रॉटलवर, उजवा विमान वळवायच्या दांड्यावर. पण चाकं वर घ्यायचा खटका उजव्या बाजूला. म्हणजे जमिनीपासून जेमतेम वर असताना डाव्या हातानं थ्रॉटल सोडून दांडा धरायचा आणि उजव्यानं खटका ओढायचा. नवखा वैमानिक लगेच ओळखू येतो, त्याचं विमान तेवढ्यात एकदा मान खाली घालून वर करतं. उतरतानाही सरळ येता येत नाही, वळत वळत यायचं, नाहीतर धावपट्टी नाकाआड जाते. हे सगळं ती तिशी उलटल्यावर, दोन पोरं सांभाळून शिकली आणि मग शेकडो तास करत राहिली. फार काळ जगात नियमित स्पिटफायर उडवणारी ती एकटीच बाई होती.

पण माझा मुद्दा उडवण्याचाही नाही. तो पुढचा.

निकनं पाचेक वर्षांत विमान उभं केलं. कॅरोलिननं ते तीस वर्षांहून जास्त काळ उडतं ठेवलं. तुमच्या ओझरच्या मिग-21 चं उदाहरण घ्या. तुम्हीच घरी येऊन सांगायचात की नवं विमान बाहेर काढताना फोटो निघतात, पेढे वाटतात, आणि ओव्हरहॉलला आलेल्या विमानाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये चंडीगडला मिगला निरोप दिला त्या दिवशी तुम्ही टीव्हीसमोरून उठला नव्हता म्हणे, आईनं सांगितलं. त्या कार्यक्रमात भाषणं झाली. साठ वर्षं ते विमान ज्यांच्या हातांमुळे उडालं त्यांतले कितीतरी तुमच्यासारखे घरी बसून बघत होते. मग कॅरोलिनच्या बाबतीत मात्र तुम्हाला नवं विमान बाहेर काढणाराच तेवढा दिसतो, हे कसं?

स्पिटफायरचं सत्तावीस लिटरचं बारा सिलिंडरचं मर्लिन इंजिन ठरावीक तासांनंतर उतरवायचं, ओव्हरहॉल करायचं. रबरी होज वाळतात, सील गळतात, ब्रेकची हवा उतरते. सुट्या भागाचं दुकान नाही, भाग कुणाच्या तरी शेडमधून शोधायचा किंवा नवा घडवून त्याचा कागद तयार करायचा. कागद म्हणाल तर इथलं, ब्रिटनचंही हवाई वाहतूक प्राधिकरण आपल्या लोकांसारखंच, सही नसेल तर विमान हलत नाही. आणि हे सगळं दरवर्षी. एखाद्या उन्हाळ्यात पाऊस लागला की प्रात्यक्षिकं रद्द, म्हणजे येणारे पैसेही बंद. असं असूनही तिनं ते काचेच्या पेटीत ठेवलं नाही. मागची सीट होतीच, त्या सीटवर तिनं म्हाताऱ्या माणसांना बसवून आणलं.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. 29 एप्रिल 1994 ला, पहिल्या दिवसाला बरोबर पन्नास वर्षं झाली तेव्हा, जॅकी मॉग्रिज त्याच विमानातून पुन्हा वर गेली, कॅरोलिनबरोबर. कारखान्यातून कोऱ्या रंगाचं विमान नेऊन देणारी आणि ते मोडीत जाऊ न देणारी, दोघी एकाच कॉकपिटच्या पुढेमागे. 2004 मध्ये जॅकी वारली तेव्हा तिची रक्षा एमएल 407 मधूनच हवेत सोडली गेली. आई, आपल्याकडे गोदावरीत, त्यांच्याकडे ढगात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. तुला वाटलं तर सांग.

कॅरोलिन डिसेंबर 2022 मध्ये गेली. ऑस्ट्रेलियात, मोटारीच्या अपघातात. नवरा-बायको दोघंही विमानात नाही, रस्त्यावर गेले. यावर काय बोलावं मला सुचत नाही, म्हणून बोलत नाही. रिचर्ड, तोच लहानगा, आता स्वतः वैमानिकही आहे आणि इंजिनिअरही. आमच्या नॉर्थॅम्प्टनपासून थोड्याच अंतरावर सायवेल म्हणून विमानतळ आहे, तिथे त्याचं जुन्या विमानांचं काम चालतं.

मी फोटो तिथेच काढला. हॉस्पिटलमधली एक मैत्रीण घेऊन गेली होती, तिला केक खायचा होता आणि मला विमानं बघायची होती. दोरीच्या अलीकडूनच बघायचं असतं. विमान लहान आहे हो बाबा. मिगच्या शेजारी उभं केलं तर पोरगं वाटेल. पोटाखाली काळे-पांढरे पट्टे, नॉर्मंडीच्या वेळचे. इंजिनाखाली तेलाचा ट्रे ठेवलेला, त्यात ताजा थेंब. पंखाच्या बुडाशी, जिथे पाय ठेवून चढतात, तिथला रंग घासून खालचा पत्रा चकाकत होता. मग एकानं इंजिन चालू केलं. नाकावरचा पंखा दोन-तीन वेळा आळसावल्यासारखा फिरला, एका बाजूच्या सहा नळकांड्यांपैकी दोघांतूनच धूर आला, मग एक निळसर जाळ, आणि एकदम बाराही सिलिंडर लागले. शेजारचा छोटा मुलगा कानांवर हात ठेवून हसत होता. मला वास ओळखीचा आला. तुमच्या खाकी शर्टाला शिफ्टवरून आल्यावर यायचा, तसाच. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची.

तर बाबा, आता उत्तर द्या. तुमच्या हँगरमध्ये दोन माणसं असती, एकानं विमान नव्यानं जोडून दिलं आणि दुसरीनं तीस वर्षं ते जमिनीवर बसू दिलं नाही, तर तुम्ही कुणाला जास्त मानलं असतं? "दोघांना" हे उत्तर चालणार नाही, ते आई देते.

आणखी एक काम आहे. त्या मॅग्नेशियमच्या रिव्हेटांबद्दल मी लिहिलं ते इथे एका म्हाताऱ्या गृहस्थानं समजावलं. ठिसूळ झालेली रिव्हेट न फोडता, भोवतालचा पत्रा न दुखावता कशी काढतात हे मात्र मला नीट कळलं नाही. ड्रिलनं डोकं काढून पंचनं ठोकतात एवढं समजलं, पण पत्रा पातळ असेल तर मागून आधार कसा देता? चित्र काढून पाठवा. फोनवर हातवारे करू नका, मला दिसत नाहीत, तुम्ही नेहमी कॅमेऱ्यावर अंगठा ठेवता.

आई, गुडघ्याचे व्यायाम कागदावर लिहून पाठवलेत ते भिंतीला धरून कर, पाटावर बसून नको. व्हिसाचे कागद पुढच्या आठवड्यात पाठवते. जूनमध्ये आलात तर बाबांना सायवेलला नेईन. तू केक खा.

तुमची,
मुग्धा

ता. क. बाबा, कॅरोलिनचा उल्लेख करताना "बाई" म्हणायचं असेल तर "कॅरोलिनबाई" म्हणा. तेवढा मान तिला आहे.