श्रेय एकट्या इस्पितळांचे नाही

रविवारच्या पुरवणीतील ‘बाळंतपण : घरातून इस्पितळात’ हा लेख वाचला. सुईणी गेल्या, डॉक्टर आले आणि बाळंतिणींचे मृत्यू थांबले, हा त्यातील सूर पटला नाही. इंग्लंड-वेल्सचेच पाहा. १९०० ते १९३५ या काळात तेथील बालमृत्यू हजारी दीडशेच्या आसपासवरून साठाच्या खाली आले. मातामृत्यू मात्र हजार प्रसूतींमागे चार-पाचावरच अडून राहिले. खासगी डॉक्टर परवडणाऱ्या घरांतही बाळंतिणी दगावत होत्याच. बाळ ओढून काढायला उगाच लावलेला चिमटा आणि नीट न धुतलेले हात डॉक्टरांचेही असत. कायद्याचा बडगा १९०२ साली उगारला गेला तो सुईणींवर!

सूतिकाज्वराचे, म्हणजे बाळंतिणीला जंतुसंसर्गाने येणाऱ्या तापाचे, जंतू अनेकदा प्रसूती करणाऱ्याच्याच नाकाघशातून येतात, हे ब्रिटिश डॉक्टर डोरा कोलब्रुक यांनी १९३५च्या सुमारास दाखवले. १९३६ साली त्यांचे बंधू लेनर्ड यांनी लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात या ज्वराच्या रुग्णांसाठी प्रॉन्टोसिल हे लाल रंगाचे औषध वापरले. पहिल्या ३८ रुग्णांपैकी दगावल्या तिघीच. मातामृत्यूंचा आलेख झपाट्याने उतरला तो त्यानंतर. नाकाघशातले जंतू अडवायला तोंडावर बांधलेले फडके आणि हे लाल औषध, दोन्हींचा लेखात साधा उल्लेखही नाही.

– एक वाचक, सातारा