रविवारी एअर फ्रायरमधली कोथिंबीर वडी

सभासदहो,
येत्या रविवारी दुपारी ४ वाजता क्लबहाऊसमध्ये जमायचं आहे. वडीच्या पिठाचे उंडे (लांबट गोळे) घरूनच वाफवून, पूर्ण गार करून आणा. गरम कापले की वड्या तुटतात.

• एअर फ्रायर साधारण १५०० वॅटचा असतो, म्हणून १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेंशन बोर्ड कृपया आणू नका.
• ब्रशने तेल लावून १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. एकावर एक रचू नका. हवा खेळली नाही तर कडा मऊच राहतात.
• फोटो खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून. वरचे तीळ आणि कोथिंबिरीचा हिरवा रंग त्या उजेडातच खुलतो.

ग्रुपवर फोटो टाकताना तापमान आणि वेळ लिहाच, बाकीच्यांना करून बघता येईल. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवा.