अभ्यासिकेतल्या ताईंचे जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

निकाल लागला, नेमणूक आली आणि तुम्ही नाशिक सोडलंत. अभ्यासिकेच्या संगणकांवर मराठी अक्षरं नीट बसवून दिलीत, त्याचे आभार त्या धांदलीत मानायचे राहिले. फोनवर म्हटलं असतं तर "काका, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता, म्हणून हे जाहीर पत्र. सिडको-पंचवटीत अभ्यासिका चालवणाऱ्या इतरांच्याही ते कामी येईल.

विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. आमच्या जुन्या संगणकांना पुढची आवृत्ती चालणार नव्हती, तेव्हा सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत संगणकप्रणाली आली. मशिन पळू लागली, पण मराठी मजकुरात ल आणि श हिंदी वळणाचे. पोरं म्हणाली, चालतंय की. मला काही ते चालेना. पाकळीचा ल आणि देठाचा श हे राज्य सरकारने 2009 च्या शासन निर्णयात ठरवून दिलेलं वळण. सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्यांनी दिवसभर भलतंच वळण बघायचं, हे काय!

कुणीतरी हौसेने स्वतःच्या खात्यात मुक्त फॉन्ट उतरवून ठेवले होते. ते त्याच्याच लॉगिनला दिसायचे, दुसरा बसला की गायब. तुम्ही ते तिथून काढून 'युएसआर-लोकल-शेअर-फॉन्ट्स' या फोल्डरमध्ये ठेवलेत, म्हणजे मशिनवरच्या प्रत्येक खात्याला मिळतील. शेजारच्या 'युएसआर-शेअर-फॉन्ट्स'ला हात लावू दिला नाहीत. तो सॉफ्टवेअर मॅनेजरचा इलाखा, आपण हाताने आणलेलं वेगळं ठेवायचं. फाइलींना 644 परवानगी (मालकाने बदलायचं, बाकीच्यांनी फक्त वाचायचं) दिलीत, नाहीतर फॉन्ट जागेवर असूनही इतरांना वाचता येत नाही. मग फॉन्टची यादी ताजी करणारी 'एफसी-कॅश' ही आज्ञा चालवलीत.

खरी मेख पुढे होती. नोटो सॅन्स देवनागरी या एकाच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकूर मराठी आहे असं सांगितलं तरच आपलं वळण उमटतं, हे मला तुमच्याकडून कळलं. लिनक्समध्ये कुठे कोणता फॉन्ट वापरायचा याची निवड फॉन्टकॉन्फिग नावाची व्यवस्था करते. तिला 'ईटीसी-फॉन्ट्स'मधल्या लोकल डॉट कॉन्फ फाइलीत मराठीसाठी नोटोला पहिली पसंती द्यायला सांगितलंत. 'एफसी-मॅच' या आज्ञेला भाषा मराठी देऊन विचारलं की कोणता फॉन्ट निवडला जाईल ते ती सांगते. तुम्ही प्रत्येक मशिनवर हे विचारून पाहिलंत, नुसतं "झालं असेल" म्हणून सोडलं नाहीत.

लिबरऑफिस या लेखनाच्या मोफत सॉफ्टवेअरचं मात्र वेगळंच. तिथे देवनागरीचा फॉन्ट 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'च्या खान्यात असतो आणि भाषाही तिथेच मराठी करावी लागते. वरच्या, इंग्रजीच्या खान्यातला फॉन्ट कितीही बदला, मराठी अक्षर ढिम्म हलत नाही. या एका गोष्टीवर आमच्या पोरांनी किती संध्याकाळी घालवल्या असतील!

एका बाबतीत तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात, तेही आवडलं. युनिकोड (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) न वापरणाऱ्या फॉन्टमधल्या जुन्या नोट्स उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे इथल्या कुठल्याही सेटिंगने मजकूर सुधारत नाही, तो युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावा लागतो. आधीच्या जाणकाराने तेच फॉन्ट टाकून देतो म्हणून आशा लावली होती. तेवढ्याने मजकूर दिसला असता, पण शोधता आला नसता.

सगळ्या आज्ञा तुम्ही हजेरीच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर सुवाच्य लिहून ठेवल्यात. परवा एका मशिनची डिस्क गेली. नव्या डिस्कवर बारावीतल्या पोराने ती पानं समोर धरून सगळं बसवलं, मला विचारायलाही आला नाही.

त्या जुन्या नोट्सचं रूपांतर अजून बाकी आहे. दिवाळीत नाशिकला आलात तर अभ्यासिकेत नक्की या, काम आहेच.

आपला,
अभ्यासिकेचे काका
सिडको, नाशिक