चिंगीनं माझं नाव दिलंय

प्रिय सुध्या,

गणपतीत फोन करतो म्हणालो होतो, केला नाही. दिवाळीला तुझा मेसेज आला, त्याला अंगठा दाखवून मोकळा झालो. शिव्या साठवून ठेव, भेटशील तेव्हा एकरकमी घाल. इकडे सगळं ठीक. माझी शुगर आहे तिथेच आहे, हिचा गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो. झालं तब्येतपुराण.

मुद्द्यावर येतो. चिंगी 'कौन बनेगा करोडपती'ची ऑडिशन पार करून पुढे गेलीय. आपली चिंगी, तुझ्या लग्नातल्या सफारीवर उसाचा रस ओकली होती तीच. आता बँकेत आहे, रात्री एमपीएससीचं घेऊन बसते. गोरेगावला फिल्मसिटीत शूटिंग आहे. फास्टेस्ट फिंगरमध्ये नंबर लागला तर हॉट सीट. आणि व्हिडिओ कॉल करायची वेळ आली तर कुणाला करायचा, त्यासाठी नावं द्यावी लागतात. त्यात पहिलं नाव तिनं माझं दिलंय. मला न विचारता! ताईला म्हटलं, अगं जरा विचारायचं तरी. तर म्हणते, "तिला दुसरं कोणी सुचलंच नाही."

हस. मला माहितेय तू हसतोयस. पण मला झोप नाहीये रे.

इथे माझी काय पत आहे त्याची तुला कल्पना नाही. चाळ पडून टॉवर झाला तरी रात्रीचं बाकडं सुटलेलं नाही. एपिसोड संपला की खाली उतरायचं आणि ज्यानं त्यानं आपापला निकाल लावायचा. तळमजल्याचे काका आता अकराव्या मजल्यावर राहतात, पण अजून तळमजल्याचेच काका. त्यांचं रोजचं ठरलेलं, "प्रश्न सोपा होता, पर्यायांनी घोळ केला." बँकवाल्या काकूंचा राग ऑडियन्स पोलवर. ज्यांना काडीचं कळत नाही तेसुद्धा बटण दाबतात, असं त्यांचं म्हणणं. आठवीतलं एक कार्टं आहे, ते मोबाइल काढून जागच्या जागी शहानिशा करतं, त्याला सगळेच टरकून असतात. आणि एवढं करून वाद मिटला नाही की माना माझ्याकडे वळतात. ही प्रतिष्ठा मी कमावलेली नाही. तू नाशिकला गेलास म्हणून ती माझ्या गळ्यात पडली.

हिचं म्हणणं वेगळंच. "अमरावतीकडच्या बबिता ताडे शाळेत खिचडी शिजवायच्या, महिन्याला १५०० रुपयांवर. त्या २०१९ मध्ये कोटी जिंकून आल्या. आणि तुम्हाला मोबाइलसमोर अर्धं मिनिट बसून एक उत्तर देता येत नाही?" आता हिला काय सांगू! त्या बाईंना कोटीच्या प्रश्नाला १८५७ च्या गदरची हकीकत लिहून ठेवणारा विचारला होता, आणि त्यांनी जहीर देहलवी म्हणून सांगितलं. ते नाव मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. बाकड्यावर मात्र मान डोलावली होती.

पण खरी भीती ती नाही. ती फक्त तुला कळेल म्हणून तर हा कागद काळा करतोय. चिंगीसाठी जरा उजळणी करावी म्हणून लॉफ्टवरून आपली वही काढली. तीच, २००० सालची लाँगबुक. पानोपानी तुझी हिरवी शाई आणि माझं बॉलपेन, 'नद्या' या पानावर चहाच्या कपाचं गोल. वाचायला बसलो आणि सुध्या, अर्धी वही मेलीय रे. 'ग्रह : ९.' प्लुटोला २००६ मध्येच काढलं. 'महाराष्ट्रातील जिल्हे : ३५.' २०१४ ला पालघर वेगळा झाला, ३६. 'एव्हरेस्ट : ८८४८ मीटर.' तिथेही २०२० मध्ये नेपाळ आणि चीननं मिळून वर ८६ सेंटिमीटर चढवले. राज्यांचं पान तर बघण्यासारखं आहे. तू हिरव्या शाईनं २५ लिहिलंयस. त्याच नोव्हेंबरात छत्तीसगड, उत्तरांचल, झारखंड पाठोपाठ आली, म्हणून मी ते खोडून २८ केलंय, आणि इतकं गिरवलंय की मागच्या पानावरचं दिसपूर फाटलंय. पुढे २०१४ ला तेलंगण झालं, २९. मग २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर केंद्रशासित झालं, परत २८. म्हणजे वहीतलं उत्तर आज बरोबर आहे, पण मधली पाच वर्षं चूक होतं!

शिवाय 'राष्ट्रीय खेळ : हॉकी', खाली दोन रेघा मारून. असा कुठलाच खेळ जाहीर केलेला नाही हे सरकारनंच माहितीच्या अधिकारात सांगून टाकलंय. मास्तरांनी शिकवलं, आपण घोकलं. म्हणजे काही उत्तरं मधे कधीतरी मेली आणि काही मुळात जन्मलीच नव्हती, आणि माझ्या डोक्यात ही सगळी जित्या उत्तरांच्या मांडीला मांडी लावून बसलीयत. तोंडातून निघताना सगळी सारख्याच ठाम आवाजात निघतात. जे मला येत नाही त्याची मला फिकीर नाही. जे अगदी पक्कं येतं, त्यातलं कुठलं विटलंय हे मला कोण सांगणार? चिंगी घाईघाईनं प्रश्न वाचणार, चार पर्याय वाचणार, त्यातच निम्मा वेळ जाणार. उरलेल्यात मी छातीठोकपणे काहीतरी ठोकून देणार आणि पोरगी डोळे मिटून लॉक करणार. कारण काय, तर मामा म्हणाला. आणि चुकलं तर गडगडत खालच्या पडावावर. एमपीएससीच्या क्लासची फी, ताईच्या घराचा हप्ता, सगळं माझ्या एका 'बी'वर.

बक्षिसांच्या रकमांचा तुझा तो जुना हिशोबही सापडला वहीत. ३,२०,००० ची दुप्पट ६,४०,०००, त्याची दुप्पट १२,८०,०००, मग पडद्यावर १२,५०,००० का? शेजारी हिरव्या शाईत : '३०,००० कोणी खाल्ले??' कोपऱ्यावरच्या पीसीओतून तुला करोडपतीची लाइन लागत नव्हती तेव्हा, एकदा लागू दे, आधी हेच विचारतो, असं तू त्या पीसीओवाल्याला दम देऊन सांगायचास. तुझी निवड झाली नाही यात मला तरी काही नवल वाटत नाही.

आणि नवाथे पहिला करोडपती झाला त्या रात्रीचं एकदा मिटवूनच टाकू. संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा राज्यघटना कोणाला देते, हा प्रश्न. तू हर्षवर्धन नवाथेच्या आधी 'अटर्नी जनरल' म्हणालास असं तू अजून सांगत फिरतोस. मी शेजारी बसलो होतो. तू 'सरन्यायाधीश' म्हणालास, आणि पोरानं लॉक केल्यावर खोकलास. 'कलम ८८ मला पाठच होतं' हे तू दुसऱ्या दिवशी म्हणालास, लायब्ररीतून पुस्तक आणल्यावर.

पण पहिल्या सिनेमाच्या भांडणात तू बरोबर होतास की मी, ते मला अजूनही ठरवता येत नाही. कॉरोनेशन आपल्या गिरगावातलं, म्हणून तुला तो घरचाच मामला वाटायचा. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' तिथे ३ मे १९१३ ला लागला आणि तोरण्यांचा 'पुंडलिक' त्याच थिएटरात १८ मे १९१२ ला. तू नुसत्या तारखा फेकून मारायचास. मी म्हणायचो, ते नाटकाचं चित्रण, कॅमेरामन गोरा, फिल्म धुवायला लंडनला गेलेली, त्याला कसला भारतीय सिनेमा म्हणतोस? गणपती येईपर्यंत आपण एकमेकांशी बोललो नव्हतो. आरतीत झांजा तुझ्याकडे होत्या, मुद्दाम माझ्या कानाशी वाजवल्यास.

आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्या भांडणात एक गोष्ट तुझी होती. तू विचारायचास, "प्रश्न नेमका काय आहे ते आधी वाच. पहिला पूर्ण लांबीचा, की पहिला दाखवलेला?" मी चार शब्द ऐकले की उत्तर देऊन मोकळा. बाकड्यावर हे खपतं, तिथे आवाज मोठा असला की झालं. तू मात्र प्रश्न शेवटपर्यंत ऐकायचास, आणि येत नसलं की सरळ 'नाही येत' म्हणायचास (नवाथेची रात्र सोडून). मी परवा आंघोळ करताना 'मला माहीत नाही' असं मोठ्यानं म्हणून बघितलं. गिरगावकराच्या तोंडी ते वाक्य बसतच नाही. ही बाहेरून विचारते, "काय माहीत नाही? टॉवेल दारामागे आहे!"

तेव्हा ऐक. चिंगीच्या यादीत माझ्याखाली तिच्या ब्रँचमधला एक मुलगा आहे, त्याला क्रिकेटपलीकडे काही येत नाही. त्याच्या जागी तुझं नाव टाकायला सांगतो. क्रिकेट असेल तर बापडी स्वतः बघून घेईल. इतिहास, राज्यघटना, भूगोल असं काही आलं तर तुला लावायचा, हिंदी सिनेमा आणि मुंबई आली तर मला. तिला हे पटलंय. "सुधामामा अजून तसाच खडूस आहे का?" एवढंच विचारलं तिनं. मी हो म्हटलंय. रविवारी ती तुला फोन करेल. दहा प्रश्न घड्याळ लावून विचार आणि दोनतीन मुद्दाम शिळे घाल, बघू पकडते का.

बाकी तुझं काय? रोहनचं जमलं असं ताईकडून कळलं, अभिनंदन. मुलगी कुठली, काय करते, सविस्तर कळव. वहिनींची बदली थांबली का? द्राक्षांची पेटी यंदा आलीच नाही, असो, मी काही बोलत नाही.

वही कुरिअरनं पाठवतोय. नवी उत्तरं हिरव्या शाईत लिही, माझं जुनं खोडू नकोस, बाजूला लिही.

तुझा,
बंड्या

ता. क. कॉलवर चेहरा दिसतो. तेव्हा बनियनवर बसू नकोस, आणि मागच्या भिंतीवरचं ते तुझं घड्याळ, दहा मिनिटं पुढे असलेलं, तेवढं काढून ठेव.