दिवाळीआधी धुराडं एकदा बघाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरात न्हाणीघरातला तांब्याचा बंब अजून रोज पेटतो. मागच्या डिसेंबरात पहिल्याच कडक थंडीत धूर वर जाईना, न्हाणीघरातच कोंडला. सासूबाईंना अंघोळ करता करता घेरी आली. धरून अंगणात आणलं, तेव्हा कुठे त्या सावरल्या. धुराडं उघडलं तर आत पारव्यांचं घरटं. काटक्या, तारेचे तुकडे आणि त्यावर बोटभर काजळी.

यंदा कोजागिरीलाच माणूस बोलावून ते झाडून घेतलं, वर जाळी बसवली. आता पेटवण्याआधी उदबत्ती धरून धूर वर ओढला जातो का, ते बघते.

खरी भीती धुराची नाहीच. धूर डोळ्यांना झोंबतो, कळतो. कोंडलेल्या जाळातून आणि निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास ना रंग, आणि रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. लालबुंद निखाऱ्यांची शेगडी, धूर नाही म्हणून, खोलीत घेऊन दारं-खिडक्या लावून झोपणाऱ्या शेजारणींना मी हात जोडून सांगते, शेगडी बाहेर ठेवा, हवी तर आणखी एक रजई घ्या.

आपली,
एक गृहिणी, लष्कर, ग्वाल्हेर