बाभळीचा काटा आणि पांढऱ्या पेशी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट पाहिला. पांढऱ्या पेशी 13,200 आणि समोर 4,000 ते 11,000 छापलेलं, म्हणून घाबरलास ना? अरे, टाचेत बाभळीचा काटा मोडून पिकल्यावरही आकडा हलला नसता, तर मी घाबरले असते. काटा निघालाय, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय. अँटिबायोटिकचा कोर्स मात्र पुरा कर. जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आलंय ते सारखं दाबून बघू नकोस, टाच सुधारली की तेही बसेल.

'सूज कधी उतरणार' म्हणून विचारलंस. ती नुसती ओसरत नाही, शरीराला उतरवावी लागते. इतकी वर्षं लॅबमध्ये स्लाइड बघतेय, पण मला कौतुक या उतरवण्याचंच.

काटा शिरला की तिथल्या पेशी रसायनं सोडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, पाणी झिरपतं. म्हणून लाल, गरम आणि ठणका. मग न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरत, घरंगळत, फटीतून बाहेर पडतात. स्टेन केलेल्या स्लाइडवर त्यांचं केंद्रक जांभळं दिसतं, तीन-चार तुकड्यांचं, बारीक धाग्यांनी जोडलेलं. तुझ्या रिपोर्टात 82 टक्के त्याच आहेत. जंतू त्या गिळतात, पण मारायला जे ओततात त्यानं आपलंही मांस थोडं पोळतं. तुझ्या टाचेतून निघाला तो पू म्हणजे मुख्यतः याच मेलेल्या पेशी. त्यातली हिरवट झाकसुद्धा त्यांच्याच एका एन्झाइमची.

तुझ्यासारखाच काटा एका तारामाशाच्या पिल्लालाही टोचला गेला होता, मुद्दाम. 1882 साली, सिसिलीतल्या मेसिना गावात. घरची मंडळी सर्कशीला गेलेली, आणि रशियन जीवशास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह एकटाच सूक्ष्मदर्शकाशी बसलेला. त्यानं बागेतले गुलाबाचे काटे आणून त्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. सकाळी बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! 1908 चं नोबेल त्याला एर्लिखबरोबर मिळालं.

पण गराडा उठतो कसा? न्यूट्रोफिल अल्पायुषी. काम झालं की त्या फुटून आतलं विष सांडत नाहीत, तर आवरून-सावरून मरतात आणि जाताना अंगावर 'मला खा' अशी खूण काढून ठेवतात. मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पांढऱ्या पेशी येऊन त्यांना गिळतात. खरी गंमत पुढे आहे. गिळता गिळता मॅक्रोफेजचाच स्वभाव पालटतो. आतापर्यंत आणखी कुमक मागवणारी पेशी आता इंटरल्युकिन-10 सारखे 'पुरे' म्हणणारे संदेश सोडू लागते, आणि जखम भरायला लागते. दुसरीकडे, सुरुवातीला प्रोस्टाग्लँडिन नावाचं जे रसायन सूज वाढवतं, तेच साचलं की पेशींना लायपॉक्सिन नावाचं दुसरं रसायन बनवायला लावतं आणि ते न्यूट्रोफिलची रांग थांबवतं. म्हणजे ठणका ऐन भरात असतो तेव्हाच थांबायची तयारी सुरू झालेली असते.

म्हणून रूममेटच्या दुखण्यावरच्या गोळ्या मनानं घेऊ नकोस. त्या प्रोस्टाग्लँडिनच अडवतात. डॉक्टरांनी दिलेली, जेवल्यावर, तेवढीच घे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशा काही औषधांनी दाह उतरायला उलट उशीर झालेला दिसलाय.

आणि 'इम्युनिटी वाढवा'वाल्या त्या पावडरी! वाढवून करायचंय काय? लगाम घालायलाही टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचा एक वेगळा गट असतो. त्यांच्याविषयीच्या शोधांबद्दल 2025 चं नोबेल साकागुची, ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांना मिळालं. त्या बिघडल्या तर शरीर स्वतःवरच उठतं. आजीच्या पायाची जखम आठवते ना, महिनोन्महिने चिघळलेली? मधुमेहात मॅक्रोफेजचं हे उष्टं काढणंच मंदावतं, दाह तिथंच अडकतो.

पाय उशीवर ठेव. लाली घोट्याच्या वर चढली किंवा थंडी वाजून ताप भरला तर रात्र बघू नकोस, थेट डॉक्टरकडे जा. नाहीतर पुन्हा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची ही तपासणी, करायची घाई नको. ड्रेसिंग बदलताना टाचेचा फोटो पाठव, उजेडात काढलेला, फिल्टर न लावता.

तुझी,
आई